अबू धाबीहून तीन तास

टोरंटो कुठे आहे ते मला नकाशात दाखवता येणार नाही. मी चौथीपर्यंत शिकले. तिसरीत जिल्ह्याचा नकाशा होता, चौथीत महाराष्ट्राचा, आणि तिथेच माझा भूगोल संपला. मुलगा तिकडे जायला निघाला तेव्हा मी ह्यांना विचारलं होतं, "किती लांब?" हे म्हणाले, "मध्ये एकदा विमान बदलायचं. सगळं मिळून जवळजवळ अख्खा दिवस जातो." मला ते फार वाटलं नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनाही हायवेवर तेवढा वेळ लागतो, आणि ते दरवर्षी जातात, दरवर्षी येतात.

तो सहा वर्षं आला नाही. आधी त्याचे कागद झाले नव्हते. कागद व्हायच्या आत तिथून निघालं तर परत आत घेतील याची खात्री नसते, असं तो सांगायचा. कागद झाले तेव्हा नोकरी नवीन होती. मग हे आजारी पडले. मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपायला लागलं. मुलगा म्हणाला, मार्चमध्ये येतो, मार्चमध्ये मोठी सुट्टी मिळते. हे म्हणाले, "मार्चमध्ये ये, घाई करू नको." जानेवारीत नाताळचे तारे अजून दारावर होते तेव्हा, एका गुरुवारी पहाटे, हे हॉस्पिटलातच वारले.

आमचं गावठाण अंधेरी पूर्वेला, विमानतळाच्या भिंतीजवळ आहे. माझ्या सासऱ्यांचं भाताचं शेत आता धावपट्टीच्या खाली कुठेतरी आहे. शेत गेलं आणि मुलं विमानतळावर लोडर म्हणून लागली. हे, ह्यांचे मोठे भाऊ, पाखाडीतले, म्हणजे आमच्या वस्तीतले, निम्मे पुरुष, सगळे विमानाच्या पोटात सामान चढवणारे आणि उतरवणारे. हे स्वतः विमानात एकदाच बसले होते, वेलंकनीच्या यात्रेला जाताना चेन्नईपर्यंत. तेव्हाही खिडकीतून खाली सामानाच्या गाडीकडे बघत बसले आणि मला म्हणाले, "बघ, बॅगा कशा फेकतात. आमच्यात असं नव्हतं."

त्यामुळे आमच्या पाखाडीत माणसाची चौकशी विमानावरून होते. कुणाची बहीण कुवेतहून येणार असली तर तिला कोणी फोन करत नाही. माझ्या मोठ्या दिरांना विचारतात. त्यांना सगळं गाव दादा म्हणतं. ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आतली माणसं अजून त्यांना ओळखतात. दादा कुणाला तरी फोन लावतात, हं हं करतात, आणि सांगतात, "उतरलं. बॅगा निघाल्यात. अर्ध्या तासात बाहेर येईल." आणि अर्ध्या तासात ती बाई पाखाडीच्या तोंडाशी रिक्षातून उतरते. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून हे कधी चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

ह्यांच्या जाण्याची बातमी मुलाला दादांनीच सांगितली. मला फोन हातात धरवत नव्हता. सांगून झाल्यावर त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मुलगा रडत नव्हता. त्याचा आवाज अगदी सरळ होता.

"मम्मी, मी येतोय. आजच निघतो. पप्पांना ठेवा. मला त्यांना बघायचंय."

"हो," मी म्हटलं.

"दादाकाकांना सांग. मी येईपर्यंत पेटी बंद करायची नाही."

"हो," मी म्हटलं. ते एक हो मी त्याला दिलं होतं, आणि पुढचे दोन दिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मुलाला बापाचं तोंड बघायला मिळालं पाहिजे. बाकी चर्चमधली मिस्सा, फुलं, कोण आलं, कोण नाही, त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याचा मेसेज आला. "बसलो, मम्मी." तेवढाच. माझ्या शेजारणीने तो मला वाचून दाखवला. मला वाचता येतं, पण चष्मा सापडत नव्हता.

ही शेजारीण समोरच्या घरातली. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो. ती मोठ्याने बोलते, मी बोलत नाही. माझं जे बोलायचं राहतं ते बऱ्याच वेळा तीच बोलून टाकते. पुरुष बसलेले असले की माझ्याने बोलवत नाही. मला कोणी कधी मना केलेलं नाही. सासू चांगली होती, दादाही कधी आवाज चढवत नाहीत. पण चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझा शब्द तोंडातच राहतो, आणि मी पदराचं टोक धरून आत जाते. लहानपणी शाळेत बाईंनी उभं केलं तरी असंच व्हायचं.

शुक्रवारी दुपारी बाहेरच्या खोलीत सगळे बसले आणि ठरलं ते असं. हे शवागारात आहेत, तिथे बर्फ आहे, काळजी नाही. मुलगा अबू धाबीला विमान बदलून शनिवारी सकाळी उतरेल. शनिवारी चार वाजता मिस्सा आणि मग दफन. रविवारी आमच्या चर्चचा सण. त्या दिवशी मिरवणूक असते, बाहेरगावचे फादर येतात, पाखाडीत कमानी लागतात, त्या दिवशी दफन होत नाही. म्हणजे शनिवारच.

"बसतंय," दादा म्हणाले. "आरामात बसतंय."

मी आत कांदे चिरत होते. मी शेजारणीला हळूच विचारलं, "आणि त्याला उशीर झाला तर?"

ती तिथूनच ओरडली, "ही विचारतेय, उशीर झाला तर?"

"कशाला होतोय उशीर?" दादा म्हणाले. "जानेवारी आहे. आभाळ कसं आहे बघ."

आभाळ स्वच्छ होतं. ते आमचं आभाळ होतं. तिकडच्या जानेवारीचा विचार आमच्यातल्या एकालाही आला नाही.

मग पुरुषांचं विमानावरच सुरू झालं. तिकडून येताना कमी तास लागतात, जाताना जास्त, असं एक जण म्हणाला.

"म्हणजे काय," शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "एकाच रस्त्याची दोन अंतरं?"

"अंतर तेवढंच गं. येताना वारा मागून ढकलतो."

"मग त्याला म्हणावं सायकलवर बस. वारा ढकलेलच."

सगळे हसले. मीही हसले, हे मला आठवतं. घरात माणूस गेलेला, तो शवागारात आहे, आणि मी कांद्याच्या हाताने तोंड झाकून हसले. मुलगा येतोय, म्हणून हसू आलं असणार.

आमच्या घरात एक रीत आहे. शवागारातून एकदा घरी आणलेला माणूस परत तिकडे नेत नाहीत. घरी आणायचा तो घरून निघायलाच. सासऱ्यांच्या वेळी असंच झालं होतं, सासूच्या वेळीही. म्हणून शनिवारी पहाटे दादांनी घाई केली नाही. आधी आतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. अबू धाबीचं विमान निघालं का? निघालं. वेळेवर? अगदी वेळेवर. दादांनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

"निघालंय. चला, त्याला घरी आणू."

पोराचा फोन आलाय का, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. विमान निघालं म्हणजे तो निघाला. आमच्याकडे दुसरं काही मनात येतच नाही.

ह्यांना आठच्या सुमारास आणलं. बाहेरच्या खोलीत दोन बाकांवर पेटी ठेवली. पेटीखाली बर्फाचं तसराळं, डोक्याशी मेणबत्त्या. ह्यांना निळा कोट घातला होता, हातात रोझरीची माळ गुंडाळली होती. बायका बसून रोझरी म्हणायला लागल्या. मला ह्यांच्या डोक्याशी खुर्ची दिली. ती मी थोडी तिरकी करून घेतली, म्हणजे उघड्या दारातून गल्लीचं तोंड दिसेल.

विमानं घाटकोपरच्या डोंगरावरून खाली येतात. आमच्या इथून ती दिसत नाहीत, पण चाकं टेकल्यावर उलट जोर लावतात त्याची घरघर भिंतीपलीकडून येते आणि कपाटातल्या बशा हलतात. दादा अंगणात घड्याळ बघत उभे होते. एक आलं. "हे नाही," दादा म्हणाले. दुसरं आलं. "हेही नाही." मग आणखी एक आलं आणि दादांनी आत डोकं घालून सांगितलं, "टेकलं."

रोझरी म्हणणाऱ्या बायकांचा आवाज एकदम मोठा झाला. शेजारणीने चुलीवर पाणी ठेवलं.

"त्याला आंघोळ करू दे आधी. दिवसभराचा प्रवास."

"आधी बापाला बघेल, मग आंघोळ."

"बघेलच गं. पण पाणी तर तापू दे."

दादा रिक्षा घेऊन आणायला गेले. मी गल्लीकडे बघत बसले. गल्लीत रविवारच्या सणाच्या पताका बांधायचं काम चाललं होतं, पण आमचं घर बघून ती पोरं शिडी घेऊन पुढे गेली. येणारा जाणारा प्रत्येक माणूस मला आधी तोच वाटायचा. सहा वर्षांत तो जाड झाला असेल की बारीक, व्हिडिओवर काही कळत नाही. एक दाढीवाला आला, मी उठले. तो फुलं घेऊन आलेला होता.

दादांचा फोन शेजारणीने घेतला. "बॅगांना वेळ लागतोय म्हणतात." थोड्या वेळाने पुन्हा. "अजून लोक येतायत म्हणतात." मग बराच वेळ काही नाही. नंतर दादांनी आतल्या माणसाला बॅगांच्या पट्ट्याजवळ जाऊन बघायला सांगितलं, हे मला मागाहून कळलं. त्यांनी आधी बॅग विचारली. मुलाच्या नावाची बॅग आहे का. बॅग नव्हती. अबू धाबीचा पट्टा बंद झाला होता, सगळे निघून गेले होते. मग दादांच्या लक्षात आलं की बॅग नाही म्हणजे माणूसही नाही.

ते रिकाम्या रिक्षातून परत आले. आत आले नाहीत. अंगणातल्या पायरीवर बसले आणि चपलेच्या टोकाने माती उकरत राहिले. शेजारणीने विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "विमानात नव्हता." हे त्यांनी असं सांगितलं, जसं काही विमानाने त्यांना फसवलं.

दुपारी माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. शेजारणीने कानाला लावला आणि लगेच मला दिला.

"मम्मी, मी अबू धाबीत आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना? हा दुसऱ्याचा फोन आहे. माझा इथे चालत नाही. वायफायला नंबरवर कोड येतो, तो येतच नाही. टोरंटोला विमानात बसलो, मग तासन्तास तिथेच उभं. पंखांवरचा बर्फ धुवत होते. धुतला की पुन्हा बसत होता. इथे उतरलो तेव्हा पुढचं विमान सुटायला काही मिनिटं होती. मी पळालो, मम्मी. दार बंद केलं होतं. काचेतून विमान दिसत होतं, पण आत घेईनात."

तेच विमान आमच्याकडे टेकलं होतं. त्याच्याच आवाजाने बशा हलल्या होत्या.

"आता?" मी विचारलं.

"पुढची सगळी भरलीत. सुट्ट्या संपून लोक परत चाललेत. मी सांगितलं त्यांना, बाप गेलाय. त्या बाईने हात जोडले, पण सीट नाही. उद्या सकाळची दिलीय. मम्मी, इथून फक्त तीन तास आहेत. तीन तास. मी एवढा लांबून आलोय आणि आता तीन तास." मग त्याचा आवाज पहिल्यांदा फुटला. "पप्पांना ठेवा. एक दिवस. उद्या मी आहेच."

ज्याचा फोन होता त्या माणसाला निघायचं होतं. फोन बंद झाला.

मी शेजारणीला सांगितलं, तिने सगळ्यांना सांगितलं. कोणीतरी म्हणालं, व्हिडिओवर दाखवू. पण तो नंबर परत लागला नाही, आणि पुढे मुलगा मला म्हणाला की दाखवलं असतं तरी मी बघितलं नसतं, मला पप्पा फोनच्या काचेत बघायचे नव्हते.

फादर आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तरुण आहेत, शांत बोलतात. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "उद्या सण आहे, उद्या जमणार नाही. पण सोमवारी सकाळी करू शकतो. आज ह्यांना परत शवागारात ठेवावं लागेल, एवढंच."

दादा म्हणाले, "फादर, आमच्यात घरी आणलेला माणूस परत नेत नाहीत."

"चर्चचा तसा काही नियम नाही, दादा."

"चर्चचा नसेल. घराचा आहे. माझ्या बापाला नाही नेलं, आईला नाही नेलं. ह्याला दोनदा दाराबाहेर काढू? आणि उद्या मिरवणूक ह्याच गल्लीतून जाणार, बाजा वाजत, आणि हा तिकडे शवागाराच्या खणात एकटा?"

"घराचा नियम आहे तर घरवालीला विचारा ना," शेजारीण म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. फादर, दादा, बाकावरचे पुरुष, रोझरी थांबवलेल्या बायका. पेटीखाली तसराळ्यात पाणी ठिबकत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. दादा उठून माझ्यासमोर आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते माझ्याशी एरवी फार बोलत नाहीत.

"बाय, तूच सांग. तुझा नवरा आहे. तू म्हणशील तसं करू."

ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द माझ्या तोंडात आलेला होता. मुलाने तो मला दोनदा दिला होता, मला नवीन काही शोधायचंही नव्हतं. मी दादांकडे बघितलं. त्यांचा धाकटा भाऊ तिथे पडला होता. सकाळपासून ते एका विमानाच्या भरवशावर पळत होते. आता मी ठेवा म्हटलं असतं तर त्यांनी ठेवलं असतं, आणि आईबापाला जे केलं नाही ते भावाला केलं म्हणून मरेपर्यंत कुढत राहिले असते. हे सगळं माझ्या मनात आलं की मी मागाहून जुळवलं, मला सांगता येत नाही. मला एवढंच आठवतं की खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे होती, माझ्या हातात पदराचं टोक होतं, आणि जे मी लग्न झाल्यापासून ह्या घरात म्हणत आले तेच बाहेर पडलं.

"तुम्ही म्हणाल तसं, दादा."

शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. मग ती आत गेली आणि चुलीवरचं आंघोळीचं पाणी तिने खाली उतरवलं.

चार वाजता मिस्सा झाली. लोक खूप होते, ह्यांच्या बरोबरीचे सगळे जुने लोडर आले होते, काही काठी घेऊन. पेटी त्यांनीच उचलली. कबरस्तानात पेटी शेवटची उघडी ठेवतात, ज्याला बघायचं त्याने बघून घ्यायचं, मग झाकण लावायचं. सगळे एकेक करून वाकून गेले. शेजारणीने मला दंडाला धरून पुढे नेलं. "बघ गं एकदा." मी वाकले. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि मी मागे बघितलं. तो येणार नव्हता हे मला माहीत होतं. त्याच्याशी बोलून सहा तासही झाले नव्हते, तो अबू धाबीत होता, त्याला उद्याची सीट होती. तरी बघितलं. रिक्षातून एक म्हातारी उतरली. मी वळले तेव्हा झाकण लावत होते.

मूठमाती दिली. मुलाच्या वाटची माती दादांनी टाकली.

रविवारी तो आला. सणाची मिस्सा चालू होती, गल्लीत कमानी, माणसं नव्या कपड्यांत, बाजेवाले झाडाखाली बसून कॉफी पीत होते. त्यांच्यामधून तो एक बॅग ओढत आला. बारीक झालाय. त्या दिवशीही दादांनी फोन लावून विमान उतरल्याचं विचारलं होतं, पण कोणाला सांगितलं नाही. मला म्हणाले, "तो दिसेल तेव्हा आला म्हणायचं." मुलाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, मग बॅग पायरीवर टाकून तसाच कबरस्तानात गेला. मी मागे गेले. कबरीवरची फुलं अजून ताजी होती. तो उभा राहिला. बाजा सुरू झाला, मिरवणूक निघाली, फटाके वाजायला लागले, आणि आम्ही दोघं तिथे उभे. त्याने मला विचारलं नाही की का ठेवलं नाही. दादांनाही विचारलं नाही. दादांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे काका. विमान माझं चुकलं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी भांडी पुसत होते तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

"मम्मी, पप्पा कसे दिसत होते?"

"झोपल्यासारखे."

"तसं सगळेच सांगतात. तू सांग."

मी सांगायला लागले. निळा कोट घातला होता, तुझ्या कन्फर्मेशनच्या मिस्सेला शिवलेला. तो ढगळ झाला होता, शेजारणीने मागून टाचण्या लावल्या. केस तिनेच विंचरले. हातात आजीची रोझरी होती. बोटांची नखं कापलेली होती.

"आणि तोंड?"

मी ताट पुसत राहिले. तोंड आठवेना. हॉस्पिटलातलं आठवत होतं, नाकावर मास्क असलेलं, ते तर त्याने व्हिडिओवर पाहिलं होतं. पण शनिवारचं तोंड मला आठवेना. सकाळपासून दुपारपर्यंत मी ह्यांच्या डोक्याशी बसले होते. हात लांब केला असता तर गालाला लागला असता. आणि सगळा वेळ मी गल्लीकडे बघत होते.

"शांत होतं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. लहानपणापासून त्याला माझं खोटं लगेच कळतं. शेजारणीच्या मुलीने फोनमध्ये काढलेले फोटो होते, ते त्याने आदल्या दिवशीच बघितले होते. दारातून ऊन आल्यामुळे पेटीतलं सगळं पांढरं झालं होतं. कोट दिसत होता, मेणबत्त्या दिसत होत्या. एका फोटोत मी आहे. मान दाराकडे वळलेली.

"डोळे नीट मिटले होते?" त्याने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"शेजारणीला विचार," मी म्हटलं.

त्याने तिला विचारलं नाही. दहा दिवस राहिला, बँकेची कामं केली, नळ दुरुस्त करून घेतला, आणि गेला. आता रविवारी फोन करतो. गोळ्या घेतल्या का, पाणी येतं का, दादाकाका कसे आहेत. मार्चमध्ये तो येणार होता, ती सुट्टी जानेवारीतच संपली. परत कधी, ते तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. बापाबद्दल तर आम्ही दोघंही बोलत नाही. आमच्या दोघांकडेही सांगण्यासारखं काही नाही.

कधी दुपारी घरात कोणी नसलं की मी पलंगावर पडून ते तोंड आठवून बघते. आधी कोट येतो. मग हात, रोझरी, कापलेली नखं. मी हळूहळू वर जाते, कॉलरपर्यंत, हनुवटीपर्यंत. तिथून पुढे गल्ली सुरू होते आणि तिच्यातून माणसं येत राहतात, एक गेला की दुसरा, आणि त्यातला एकही तो नसतो.